चेन्नईचे एक जुने पाहुणघर

शहराची ओळख किल्ल्यावरून करून घ्यावी की बाजारावरून, याविषयी प्रवाशांत पूर्वीपासून मतभेद आहेत. किल्ल्यावरून राजा कळतो, बाजारावरून व्यापारी कळतो. परंतु एखाद्या शहराने परक्या माणसाला कसे वागविले, हे जाणून घ्यावयाचे असेल तर त्या शहराच्या पाहुणघराकडेच जावे लागते. आपल्याकडे धर्मशाळा, मठ, देवळाच्या ओवऱ्या आणि अन्नछत्रे ही सारी पाहुणघराचीच रूपे होती. तेथे वाटसरूकडून मोबदल्याची अपेक्षा नसे. पुण्य हाच यजमानाचा नफा असे. एकोणिसाव्या शतकात आगबोटी आणि आगगाड्या आल्या, पोटाकरिता व कामाकरिता दूरदेशी जाणाऱ्यांची संख्या वाढली, आणि पुण्याच्या जागी पैसा घेऊन पाहुणचार करणारी हॉटेल नावाची नवी संस्था या देशात उभी राहिली. तिचा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी लिहीत नाही. राजवाड्यांच्या बखरी झाल्या, किल्ल्यांच्या झाल्या. पाहुणघराची बखर मात्र मुक्काम हलविणाऱ्या उतारूबरोबर निघून जाते.

चेन्नईतील कोनेमारा हॉटेल हे असे बखर लिहिण्याजोगे पाहुणघर आहे. शहराचा मुख्य राजमार्ग आज अण्णा सलै या नावाने ओळखला जातो. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र अजूनही माउंट रोडच आहे. सेंट जॉर्ज किल्ल्याच्या बाजूने निघून नैर्ऋत्येस सेंट थॉमसच्या टेकडीपर्यंत जाणारा हा रस्ता. वाटेत अडयार नदी आडवी येते. तिच्यावर १७२६ साली पूल बांधला तो खोजा पेट्रस उस्कान या आर्मेनियन व्यापाऱ्याने, स्वतःच्या खर्चाने. म्हणजे या शहराच्या मुख्य रस्त्याचा टेकडीपर्यंतचा मार्ग सुकर करून दिला तोही एका परक्या पाहुण्यानेच. या रस्त्यावरून बिन्नी रोड नावाची एक आखूड वाट फुटते. तिचे नाव जॉन बिन्नी या इंग्रज व्यापाऱ्यावरून पडले. एके काळी त्याचा बागबंगला जेथे होता, तेथेच आज कोनेमारा उभे आहे.

या जागी १८५४ साली 'इंपीरियल हॉटेल' सुरू झाले. नाव साम्राज्याचे असले तरी मालक देशी होता. टी. रत्नवेलू मुदलियार हे त्या गृहस्थाचे नाव. त्या काळी मद्रासच्या बंदरात गलबतावरून उतरणारा गोरा साहेब भर लाटांतून मसुला नावाच्या शिवलेल्या होडीत बसून, ओलाचिंब होऊन किनाऱ्याला लागे. कारण या शहराला तोपर्यंत बांधीव बंदरच नव्हते. अशा माणसाला कोरडे अंथरूण, ऊन पाणी आणि त्याच्या सवयीचे जेवण देण्याचा धंदा एका तमिळ गृहस्थाने मांडावा, यात त्याची व्यवहारबुद्धी दिसते. १८८६ साली हॉटेल दुसऱ्या दोघा मुदलियार बंधूंकडे भाडेपट्ट्याने गेले आणि त्याचे नाव 'अल्बानी' झाले. १८९० साली ते 'कोनेमारा' झाले, आणि पुढल्याच वर्षी शेजारच्या प्रसिद्ध स्पेन्सर कंपनीचा मालक युजीन ओकशॉट याने ते आपल्या ताब्यात घेतले.

यानंतरचा इतिहास इमारतीच्या कात टाकण्याचा आहे. १९३० नंतरच्या वर्षांत स्पेन्सरचे एक संचालक जेम्स स्टिव्हन यांनी हॉटेलचा कायापालट केला आणि १९३७ साली ते नव्या रूपात उघडले. कमानी व घुमट यांचा सोस सोडून सरळ रेषा आणि गुळगुळीत, पांढऱ्या भिंती यांतून शोभा साधणारी 'आर्ट डेको' नावाची वास्तुशैली तेव्हा जगभर लोकप्रिय होती. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील इमारती ज्याने पाहिल्या आहेत, त्याला कोनेमाराचा दर्शनी भाग परका वाटत नाही. पुढे १९७० नंतरच्या दशकात श्रीलंकेचे नामांकित वास्तुकार जेफ्री बावा यांचा हात या इमारतीवरून फिरला. १९८४ पासून तिचा कारभार ताज समूहाकडे आहे. मोठ्या दुरुस्तीकरिता काही काळ बंद राहून २०१८ साली हॉटेल पुन्हा उघडले.

असे पाहिले म्हणजे एक प्रश्न पडतो. ज्याला ऐतिहासिक म्हणून मिरवावयाचे, त्यात जुने किती उरले? इंपीरियलच्या काळचे छप्पर नाही, अल्बानीचे दिवाणखाने नाहीत. तरीही ते जुने आहे, हे म्हणणे खोटे नव्हे. येथे जुनी आहे ती रीत. दाराशी आलेल्या अनोळखी माणसाचे नाव वहीत लिहून घ्यावे, त्याचे सामान उचलावे, त्याला खोली दाखवावी आणि रात्री तो निर्धास्त झोपेल अशी व्यवस्था करावी, हा उद्योग या एका जागेवर पावणेदोनशे वर्षांच्या घरात चालत आला आहे. देऊळ जसे दगडांपेक्षा पूजेने टिकते, तसे पाहुणघर भिंतींपेक्षा राबत्याने टिकते.

आता ज्याचे नाव या हॉटेलाला मिळाले, तो कोण होता हे पाहिले पाहिजे. कारण तेथे मराठी माणसाच्या काळजाला भिडणारी एक गोष्ट दडलेली आहे. कोनेमारा हे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका खडकाळ मुलखाचे नाव. रॉबर्ट बुर्क हा १८८६ ते १८९० या काळात मद्रासचा गव्हर्नर होता; १८८७ साली त्याला बॅरन कोनेमारा हा किताब मिळाला. अंदमानात ज्याचा १८७२ साली खून झाला, त्या व्हाइसरॉय लॉर्ड मेयोचा हा धाकटा भाऊ. आणि त्याची पत्नी लेडी सुझन ही लॉर्ड डलहौसीची थोरली मुलगी.

डलहौसी हे नाव ऐकताच मराठी श्रोत्याच्या मनात सातारा उभा राहतो. १८४८ साली साताऱ्याचे दत्तकविधान नामंजूर करून त्याने शिवछत्रपतींची गादी खालसा केली. १८५४ साली, म्हणजे रत्नवेलू मुदलियारांनी मद्रासेत आपले हॉटेल उघडले त्याच वर्षी, नागपूर आणि झाशी ही दोन मराठी संस्थाने त्याच धोरणाला बळी पडली. १८५५ साली तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी निपुत्रिक वारले आणि व्यंकोजींनी स्थापिलेल्या घराण्याचाही शेवट झाला. राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या न्यायालयात दाद मागितली. तेथील न्यायाधीशांनी राणीसाहेबांच्या बाजूने निकाल दिला. परंतु १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. राज्यकर्त्या सत्तेने राज्यसत्ता म्हणून केलेल्या कृत्यात न्यायालयाला हात घालता येत नाही, असे तेथे ठरले. कायद्याचे विद्यार्थी आजही तो खटला अभ्यासतात.

निपुत्रिकांची राज्ये खालसा करणाऱ्या या पुरुषाला स्वतःला मुलगा नव्हता. १८६० साली तो वारला तेव्हा त्याची मार्क्विस ही पदवी वारसाअभावी संपुष्टात आली. त्याच्या जावयाची कथाही तीच. १९०२ साली बॅरन कोनेमारा निपुत्रिक वारला आणि त्याचा किताब त्याच्याबरोबर गेला. नियतीला सूड उगविण्याची हौस असते असे मानण्याचे कारण नाही. परंतु ज्या नावाला घराणे उरले नाही, ते नाव एका हॉटेलाने जिवंत ठेवले, हे मात्र खरे.

त्या नावाभोवती शहरात एक दंतकथाही फिरते. गव्हर्नरसाहेबांच्या वागणुकीला विटून लेडी कोनेमारा सरकारी निवासातून बाहेर पडल्या आणि याच हॉटेलात येऊन राहिल्या, असे सांगतात. त्यांनी १८९० साली घटस्फोट मिळविला आणि त्याच सुमारास गव्हर्नरने पद सोडले, एवढे इतिहासाला ठाऊक आहे. बाकीचे दंतकथेचे आहे. आज हॉटेलातील मद्यगृहाला लेडी कोनेमाराचे नाव दिलेले आढळते. बाहेर पतीचे नाव आणि आत पत्नीचे, अशी ही विचित्र वाटणी झाली आहे. या साऱ्यात ज्याने पहिली वीट रचली, त्या मुदलियारांचे नाव मात्र येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानी सहसा पडत नाही. पाहुण्याचे नाव दारावर राहिले, यजमानाचे पुसले गेले.

साताऱ्याशी नाते सांगणारा मद्रासचा गव्हर्नर हा एकटाच नव्हे. कोनेमाराच्या आधी, १८८१ पासून १८८६ पर्यंत, या गादीवर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ होता. 'मराठ्यांचा इतिहास' १८२६ साली ज्याने तीन खंडांत प्रसिद्ध केला, त्या साताऱ्याच्या रेसिडेंट जेम्स ग्रँट डफचा हा मुलगा. मुंबईच्या एल्फिन्स्टनसाहेबांचे नाव बापाने मोठ्या प्रेमाने त्याला ठेवले होते. चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर जो विस्तीर्ण मरीना आहे, तेथे १८८४ च्या सुमारास फिरण्याचा रस्ता आखला आणि मरीना हे नाव दिले ते या ग्रँट डफने. एकाच्या बापाने सातारच्या गादीचा इतिहास लिहिला आणि दुसऱ्याच्या सासऱ्याने ती गादीच बुडविली. आणि दोघेही एकामागून एक मद्रासला येऊन, एक समुद्रकाठी व दुसरा पाहुणघराच्या दारी आपली खूण ठेवून गेला. महाराष्ट्रापासून इतक्या दूर आपल्या इतिहासाची पाने अशी सुटी होऊन पडलेली आहेत.

हॉटेलातून पायी बाहेर पडावे. पहिल्याच वळणावर स्पेन्सर प्लाझा दिसतो. १८६३ साली स्थापन झालेल्या स्पेन्सर कंपनीने १८९० नंतरच्या दशकात येथे तांबड्या विटांची भव्य दुकानइमारत उभारली होती. सुईपासून पियानोपर्यंत सर्व काही एका छपराखाली मिळण्याचे ते ठिकाण होते. १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत ती आगीत जळाली, आणि तिच्या जागी आजचा बाजारवाडा उभा राहिला. उत्तरेकडे गेले म्हणजे हिगिनबॉथम्सचे पुस्तकांचे दुकान लागते. १८४४ पासून ते पुस्तके विकीत आहे आणि १९०४ पासून त्याच इमारतीत आहे. जवळच आयुर्विमा महामंडळाची चौदा मजली इमारत आहे. १९५९ साली ती पुरी झाली तेव्हा सबंध देशात तिच्याएवढी उंच इमारत नव्हती. आज तिच्यापेक्षा कितीतरी उंच इमारती सामान्य मानल्या जातात, तरी जुने चेन्नईकर तिच्याकडे थोरल्या भावाकडे पाहावे तसे पाहतात.

याच रस्त्यावर आणखी एक युरोपीय धाटणीचे हॉटेल होते. त्याचा मालक डी'अँजेलिस मोठा हिकमती माणूस होता. १९१० साली त्याने मद्रासेत विमान तयार करवून ते उडवून दाखविले; भारतातील अगदी आरंभीच्या उड्डाणांत त्याची गणना होते. त्याचे हॉटेल आता राहिले नाही. परंतु साहेबी हॉटेलांचा असा उदयास्त चालू असताना शहराने आपल्या चवीची पाहुणघरेही निर्माण केली. उडुपीकडून आलेल्या कृष्ण राव यांनी १९३८ साली रायपेट्टा भागात वुडलँड्स सुरू केले. केळीच्या पानावरचे शाकाहारी जेवण आणि स्वच्छ खोली मध्यम स्थितीच्या कुटुंबालाही मिळू लागली. १९५१ साली माउंट रोडवर बुहारी उघडले आणि तेथील बिर्याणीने शहराला वेड लावले. ज्या कोनेमारात एके काळी विलायती सूप हेच मोठेपणाचे लक्षण होते, तेथेही 'रेनट्री' नावाच्या भोजनगृहाने चेट्टिनाडच्या झणझणीत रशाला मानाचे पान मांडले. यजमानाची चव अखेर पाहुण्याच्या ताटात आली.

याच माउंट रोडच्या परिसरात, थाउजंड लाइट्सजवळच्या मक्कीज गार्डनमध्ये, १८८७ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन भरले होते. मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी अध्यक्ष होते. देशाच्या कानाकोपऱ्यांतून सहाशेवर प्रतिनिधी आले होते. त्यांची उतरण्याची, जेवणाची, निरनिराळ्या जातींच्या व आचारांच्या मंडळींच्या सोयीची व्यवस्था मद्रासकरांनी केली. आणि गव्हर्नर कोनेमारानेही प्रतिनिधींना सरकारी निवासात बोलावून त्यांचा सत्कार केला. सरकार आणि राष्ट्रीय सभा यांच्यामधला दुरावा अजून वाढावयाचा होता.

त्या अधिवेशनाच्या स्वागत समितीचे अध्यक्ष होते सर टी. माधवराव. नावातील 'टी' म्हणजे तंजावर. १८२८ साली कुंभकोणम येथे देशस्थ ब्राह्मण कुटुंबात ते जन्मले. घरची भाषा मराठी, गावची तमिळ, शाळेची इंग्रजी. मद्रासच्या हायस्कुलात पॉवेल या नामांकित शिक्षकाच्या हाताखाली ते शिकले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. मल्हारराव गायकवाडांच्या पदच्युतीनंतर विस्कटलेला बडोद्याचा कारभार त्यांनी सावरला. अल्पवयीन सयाजीरावांच्या राज्याची पायाभरणी त्यांच्या काळात झाली. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा पुरा करणारा वास्तुकार रॉबर्ट चिझम हाही मद्रासचाच. मरीनावरील प्रेसिडेन्सी कॉलेज आणि सिनेट हाउस ही त्याचीच कामे. माधवराव अखेरच्या काळात मद्रासच्या मैलापूर भागात राहिले आणि १८९१ साली तेथेच वारले.

ज्या तंजावरचे राज्य डलहौसीने बुडविले, त्या तंजावरच्या मातीतून वर आलेला मराठी माणूस सबंध हिंदुस्थानचे मद्रासेत स्वागत करतो, आणि त्याच मंडळींना डलहौसीचा जावई आपल्या घरी मेजवानीस बोलावतो, हा प्रसंग इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींतही मावतो. परंतु त्याचा अर्थ मोठा आहे. राज्य गेले म्हणजे यजमानपण जातेच असे नाही. राजाचा दिवाणखाना हिरावून घेता येतो. आल्यागेल्याचे आदरातिथ्य करण्याची ऐपत मनात असेल तर ती कोणाला खालसा करता येत नाही.

मराठ्यांचे हे यजमानपण दक्षिणेला नवे नव्हते. काशीहून रामेश्वरास जाणाऱ्या यात्रेकरूंकरिता तंजावरच्या भोसले राजांनी वाटेवर छत्रे बांधली होती. सरफोजी राजांनी ओरथनाडू येथे मुक्तांबा यांच्या नावे उभारलेले छत्र आजही उभे आहे. या छत्रांत अन्न मिळे, औषधपाणी होई, मुलांना विद्याही मिळे. राज्याचा कारभार कंपनीने हाती घेतला त्या काळात, म्हणजे १८०१ साली, सरफोजींनी आपल्या अधिकारासंबंधी फार काही न मागता या छत्रांचा धर्मादाय चालू राहावा यासाठी इंग्रजांकडे रदबदली केली होती. सत्ता सोडताना यजमानाने पाहुण्याच्या पानाची काळजी करावी, यापरते राजेपण कोणते?

कोनेमाराचे नाव मिरविणारी दुसरी वास्तू कूवम नदीपलीकडे, एग्मोर भागातील पॅन्थिऑन रोडवर आहे. १८९० च्या मार्च महिन्यात गव्हर्नरने तिची कोनशिला बसविली आणि १८९६ च्या डिसेंबरात ती लोकांना खुली झाली. हे कोनेमारा सार्वजनिक ग्रंथालय. हेन्री अर्विन या वास्तुकाराने त्याची आखणी केली. उंच छत, सागवानी कपाटे, रंगीत काचांतून झिरपणारा प्रकाश. वाचक आपोआप हलक्या पावलांनी चालू लागतो. शेजारीच १८५१ साली स्थापन झालेले सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. तेथील अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे पाहताना मराठी प्रवाशाने क्षणभर पैठणचे स्मरण करावे. ज्या सातवाहनांची राजधानी गोदाकाठी होती, त्यांच्याच राजवटीत या स्तूपाला वैभव चढले. त्या शिल्पांपैकी काही येथे राहिली, काही लंडनला गेली. पलीकडच्या दालनात चोळकालीन कांस्यमूर्ती आहेत. तिरुवालंगाडूच्या नटराजासमोर उभे राहिले म्हणजे भाषा, प्रांत आणि राजघराणी यांच्या गोष्टी काही वेळ मागे पडतात.

ग्रंथालयाचे महत्त्व मात्र मराठी माणसाला मुद्दाम सांगितले पाहिजे. १९५४ साली संसदेने एक कायदा केला. त्यानुसार देशात कोणत्याही भाषेत पुस्तक छापले, तर प्रकाशकाने त्याची एकेक प्रत ठरावीक ग्रंथालयांकडे स्वखर्चाने पाठविली पाहिजे. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, दिल्लीचे सार्वजनिक ग्रंथालय आणि चेन्नईचे कोनेमारा, अशी ही चार ठिकाणे. म्हणजे पुण्यात छापलेली कादंबरी, कोल्हापुरात छापलेला कवितासंग्रह आणि नागपुरात छापलेले शेतीचे पुस्तक, या साऱ्यांना चेन्नईत हक्काचे बिऱ्हाड आहे. त्या शहरात आपले वाचणारा कोणी आहे की नाही, याची वाट न पाहता ग्रंथपाल पुस्तकाची नोंद करतो आणि त्याला फळीवर जागा देतो. उतारूचे नाव वहीत लिहून त्याला खोली देण्यासारखेच हे काम. फरक एवढाच की या पाहुण्याने मुक्काम कधी हलवावा, असे येथे कोणी विचारत नाही.

शहराच्या उत्तरेस समुद्राला लागून सेंट जॉर्ज किल्ला आहे. १६३९ साली इंग्रजांनी ही वाळूची पट्टी स्थानिक नायकांकडून मिळविली, तेव्हा तेही येथे पाहुणेच होते. १६७७ साली शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाला निघाले आणि त्यांची सेना मद्रासच्या आसपास आली. किल्ल्यातील मंडळींचे धाबे दणाणले. मे महिन्यात महाराजांचा दूत पत्र घेऊन आला. पत्रात मागणी होती काही औषधी खड्यांची आणि विषावरील उताऱ्यांची. इंग्रजांनी ती सामग्री किंमत न घेता पाठविली आणि सुस्कारा टाकला. पुढे महाराजांनी जाणते इंजिनिअर मागितले तेव्हा मात्र त्यांनी गोड शब्दांत अंग काढून घेतले. किल्ल्याबाहेरच्या जॉर्ज टाउनमध्ये तंबू चेट्टी रस्त्यावर काळिकांबाळ देवीचे मंदिर आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात महाराज गुप्तपणे येथे दर्शनास आले होते, अशी मंदिराची परंपरा सांगते. इतिहासकाराने कागद मागावा. भाविकाने हात जोडावेत. दोघांचीही सोय त्या अंधाऱ्या गाभाऱ्यापुढे होते.

त्याच स्वारीत महाराजांनी जिंजी घेतली, आणि बारा वर्षांनी त्या जिंजीनेच स्वराज्याला आसरा दिला. १६८९ साली राजाराम महाराज औरंगजेबाच्या तावडीतून निसटून तेथे पोहोचले आणि मराठ्यांची राजधानी काही वर्षे तमिळ मुलखात राहिली. १६९० साली मद्रासचा गव्हर्नर एलिहू येल याने कडलूरजवळचा किल्ला मराठ्यांकडून विकत घेतला. किल्ल्यावरून डागलेल्या तोफेचा गोळा जेथवर जाईल तेथवरची गावे सौद्यात मोडावीत, असा करार होता. अमेरिकेतील येल विद्यापीठ ज्याचे नाव सांगते, तो हाच. २०२५ साली मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत आणि बारावा जिंजी. संकटात सापडलेल्या छत्रपतींचे यजमानपण ज्या भूमीने केले, तिचे नाव आपल्या किल्ल्यांच्या पंगतीत लागले हे उचितच झाले.

राजे आणि दिवाण यांच्या मागून सामान्य मराठी माणूसही या शहरात आला. जॉर्ज टाउनलगतच्या सावकारपेठेत सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. त्या परिसरात जुने दागिने आटवून शुद्ध सोने गाळणारे मराठी कारागीर आढळतात. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी टापूतील ही माणसे. पाऊस दगा देई म्हणून गाव सोडले, मूस आणि भट्टी हाती घेतली आणि दक्षिणेतील शहराशहरांत गलाईचा व्यवसाय केला. त्यांची मुले तमिळ मुलांच्या मांडीला मांडी लावून शिकतात, आणि यात्रेच्या दिवसांत गावाकडे येतात. परक्या पेठेत हे लोक दुसऱ्याचे सोने भट्टीत घालतात. ज्या गावाने अनोळखी माणसाच्या हाती आपले सोने द्यावे, त्याने त्याला आणखी कोणता मान द्यावयाचा राहिला?

कोनेमारातील खोलीचे भाडे या कारागिराला परवडण्याजोगे नाही. परंतु त्या हॉटेलाच्या दाराशी जो प्रश्न उभा असतो, तोच या पेठेच्या तोंडाशीही असतो. आलेला माणूस कोणत्या भाषेचा, कोणत्या मुलखाचा हे विचारून झाल्यावर त्याला आत घ्यावयाचे की नाही? चेन्नईने आर्मेनियनाला पूल बांधू दिला, तंजावरच्या मराठ्याला स्वागताध्यक्ष केले, उडुपीच्या आचाऱ्याला अन्नदाता मानले आणि विट्याच्या कारागिराला सोने सोपविले. शहरात भांडणे झाली नाहीत असे नाही. भाषेवरून तर फारच झाली. तरीही दार बंद झाले नाही.

महाराष्ट्रातही असे दार आहे. कामाच्या शोधात निघालेला तमिळ, तेलुगू, मल्याळी, कानडी माणूस कित्येक पिढ्या मुंबईच्या माटुंग्याला उतरत आला. त्याने आपल्याला इडली दिली, कचेरीत टंकलेखन केले, शाळेत गणित शिकविले. आणि सर्वांना मिळून आपण 'मद्रासी' हे एकच नाव दिले. त्याच्या भाषेचे नाव विचारण्याचेही कष्ट पुष्कळांनी घेतले नाहीत. १९६० नंतरच्या दशकात त्याच्या दुकानाच्या काचा फुटल्या, त्याही याच शहरात. आपला कारागीर सावकारपेठेत सुखाने भट्टी पेटवितो, तेव्हा तेथल्या यजमानाचे ऋण आपल्या दारच्या पाहुण्याला देऊन फेडावयाचे असते. पाहुणचाराच्या व्यवहारात उसने असेच फिटते.

गव्हर्नर आले, किताब मिळवून गेले आणि नावे भिंतींवर ठेवून गेले. ती नावे पुसून टाकल्याने कोणाचे भले होणार नाही. जुन्या शहराच्या अंगावर अशी गोंदणे असावयाचीच. मात्र चेन्नईला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने कोनेमाराच्या पांढऱ्या दर्शनी भागासमोर घटकाभर थांबावे आणि रत्नवेलू मुदलियारांची आठवण करावी. मग नदी ओलांडून ग्रंथालयात जावे, आणि मराठी पुस्तकांची फळी कोठे आहे असे तेथल्या माणसाला विचारावे. विचारण्यापुरते चार शब्द तमिळ येत असले, तर यजमानालाही बरे वाटेल.